कारुसोच्या नेपल्समध्ये पाच दिवस

पहिला दिवस

रोमहून निघालेल्या वेगवान गाडीने सव्वा तासात आम्हाला नेपल्सच्या मुख्य स्थानकावर आणून सोडले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ताईच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली होती. ती एकाहत्तर वर्षांची आणि मी सहासष्टचा. आम्ही दोघे भावंडे इटलीपर्यंत जाऊन व्हेनिस आणि फ्लॉरेन्स न पाहता पाच दिवस नेपल्समध्येच काढणार आहोत, हे घरच्यांच्या गळी उतरवताना मला फार सायास पडले होते. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एका गायकाचे गाव पाहायला आम्ही निघालो होतो, आणि तो गायक ज्या भाषेत गात असे, ती आम्हा दोघांनाही येत नाही. मला थोडे मोडके इटालियन येते, पण ते तिकिटे काढण्यापुरते आणि जेवण मागवण्यापुरते.

हा गायक म्हणजे एन्रिको कारुसो. सांगलीच्या आमच्या घरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता, आणि बालगंधर्व व अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांच्या गठ्ठ्यात लाल लेबलची एक परदेशी तबकडी होती. तिच्यावर लेओनकाव्हाल्लोच्या 'पाल्याच्ची' या ऑपेरातले विदूषकाचे गाणे होते. बायकोने दगा दिल्याचे नुकतेच कळलेला विदूषक तोंडाला रंग फासून लोकांना हसवायला निघतो, हा त्याचा अर्थ आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळला. आजोबांना तो कधीच कळला नाही, पण तबकडी संपली की ते दर वेळी एकच वाक्य बोलत, "रडतोय, पण सुरात रडतोय." मग सुई बदलून ते करीम खाँसाहेबांची तबकडी लावत. दोघांमध्ये त्यांना काही विजोड वाटत असे, असे मला आठवत नाही.

संध्याकाळी सामान टाकून आम्ही सान कार्लो नाट्यगृहापर्यंत चालत गेलो. हे नाट्यगृह १७३७ साली उघडले. मिलानच्या ला स्कालापेक्षा ते एक्केचाळीस वर्षांनी थोरले आहे. समोरच्या काचेच्या छताच्या दालनात, ज्याला इथे गॅलेरिया म्हणतात, एक तरुण मुलगा उघडी पेटी समोर ठेवून गात होता. ताईने पेटीत दोन युरो टाकले आणि मराठीत त्याला सांगितले की बाबा, वरचा सूर दाबू नकोस. त्याने हसून मान लववली.

दुसरा दिवस

सकाळी टॅक्सीने कार्लो तृतीयच्या चौकात गेलो. त्या चौकाची एक बाजू गरिबांसाठी बांधलेल्या एका प्रचंड आश्रयगृहाच्या इमारतीने पुरी व्यापलेली आहे, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर, वाहनांच्या गोंगाटातून आत शिरलेल्या एका गल्लीत, सात क्रमांकाच्या घरात २५ फेब्रुवारी १८७३ रोजी कारुसोचा जन्म झाला. घरावर संगमरवरी पाटी आहे. पाटीच्या वर कोणाची तरी चादर वाळत होती आणि तिच्या टोकावरून ठिबकणारे पाणी नेमके पाटीखाली उभे राहणाऱ्याच्या डोक्यावर पडत होते. तिसऱ्या मजल्यावरून एका बाईने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, खालच्या दुकानदाराने तीत पाव आणि काही सुटे पैसे ठेवले, टोपली वर गेली. आमच्याकडे दोघांपैकी कोणीही पाहिले नाही. पाटी वाचायला थांबणारे परदेशी त्यांनी यापूर्वीही पाहिले असणार.

कारुसोच्या बालपणाविषयी जे सांगितले जाते, त्यातल्या अर्ध्याअधिक गोष्टी त्याच्या कीर्तीने नंतर जन्माला घातल्या. तो एकवीस मुलांतला अठरावा, अशी कथा अनेक वर्षे चालली. चर्चमधल्या नोंदी तपासल्यावर तो सात मुलांतला तिसरा निघाला. कीर्ती माणसाचे पैसे वाढवते हे ठाऊक होते, ती भावंडेही वाढवते हे नव्याने कळले. बाप कारखान्यात मेकॅनिक होता आणि मुलानेही तोच धंदा धरावा असा त्याचा आग्रह होता. अकराव्या वर्षी पोराला सार्वजनिक पाणपोया बनवणाऱ्या एका कारखानदाराकडे उमेदवारीला ठेवले गेले. पुढे जगभर नाव झाल्यावर तो नेपल्सला आला की बरोबरच्यांना एका पाणपोईकडे बोट दाखवून सांगत असे, की ही बसवायला मी हात लावला आहे. मला हा तपशील फार आवडतो. ज्या शहराने त्याच्या गाण्याला पुरते आपले म्हटले नाही, त्या शहरात लोखंडाचा हा एक तुकडा तरी निर्विवाद त्याचा होता.

तो चर्चच्या समूहगानात गात होता, आणि त्या गाण्याला घरात खरे पाठबळ आईचे होते. ती १८८८ साली गेली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर उपाहारगृहांत आणि रस्त्यावरच्या मैफलींत नापोलितान, म्हणजे नेपल्सच्या बोलीतली, गाणी गाऊन तो चार पैसे मिळवू लागला, आणि त्याच पैशांतून त्याने नवे बूट घेतले. गुग्लिएल्मो व्हेर्जिने नावाच्या शिक्षकाने त्याला शिकवले, पण कराराने मिळकतीचा चौथा हिस्सा लिहून घेतला. या शिक्षकाला आरंभी मुलाचा आवाज काही मोठा वाटला नव्हता. १५ मार्च १८९५ रोजी नेपल्समधल्याच तेआत्रो नुओव्होमध्ये त्याचे रंगभूमीवर पदार्पण झाले, आणि तो ऑपेरा आज कोणालाही आठवत नाही. पुढच्या वर्षीच्या सिसिलीच्या दौऱ्यातले त्याचे एक छायाचित्र मी पुस्तकात पाहिले आहे. त्यात त्याने पलंगावरची चादर रोमन झग्यासारखी अंगाभोवती घेतली आहे, कारण त्याचा एकुलता एक चांगला सदरा त्या दिवशी धुवायला गेला होता. पाहणाऱ्याला मात्र ते एखाद्या ऐतिहासिक भूमिकेचे चित्र वाटावे इतक्या रुबाबात तो बसला आहे.

दुपारी आम्ही स्पॅनिश वस्तीत जेवायला गेलो आणि तिथे आमची गाठ नेपल्सच्या खऱ्या दैवताशी पडली. भिंतीवर चार मजले उंच माराडोना, खाली मेणबत्त्या, गळपट्टे, फुले, आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. अर्जेंटिनातून आलेल्या या माणसाने १९८७ आणि १९९० साली या शहराला फुटबॉलची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली; तो वारल्यावर २०२० मध्ये शहराच्या मोठ्या मैदानाला त्याचे नाव दिले गेले. ताई म्हणाली, "बघ, आपल्याकडे म्हणतात ना, पिकते तिथे विकत नाही. परगावाहून आलेला यांनी देव्हाऱ्यात बसवला आणि गल्लीतला न्यूयॉर्कला पाठवला." मी म्हणालो, "ताई, तू जरा अन्याय करते आहेस. हा बाहेरून आला म्हणून देव झाला नाही, जिंकून दिले म्हणून झाला." ती म्हणाली, "आणि तो काय हरला होता?"

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी सान कार्लोमध्ये शोधायचे होते.

तिसरा दिवस

सान कार्लो आतून पाहण्यासाठी मार्गदर्शकासह फेरी असते. लाल मखमल आणि सोनेरी नक्षी यांचे सहा मजले घोड्याच्या नालेसारखे वर चढत गेलेले आहेत, मध्यभागी राजाचा सज्जा आणि त्यावर मुकुट. मार्गदर्शक मुलीने आम्हाला एका सज्जात नेऊन भिंतीवरचा आरसा दाखवला. प्रत्येक सज्जात असा एक आरसा आहे, आणि तो अशा कोनात बसवला आहे की बाजूला बसलेल्यालाही राजाचा सज्जा दिसावा. राजाने टाळी वाजवल्याखेरीज कोणी वाजवायची नाही असा रिवाज होता. म्हणून लोक रंगमंचाकडे एक डोळा आणि आरशाकडे एक डोळा ठेवून गाणे ऐकत. मी त्या आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो. कलावंताची कीर्ती कशी ठरते, हे सांगणारी इतकी सरळ वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

कारुसो इथे प्रथम गायला तो ३० डिसेंबर १९०१ रोजी, तेव्हा नेपल्सचे राजे जाऊन चाळीस वर्षे झाली होती. ऑपेरा होता दोनिझेत्तीचा 'एलिसिर द'अमोरे'. याच भूमिकेत त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मिलानच्या ला स्कालामध्ये, तोस्कानिनीच्या वाद्यवृंद-संचालनाखाली, त्याने लोकांना वेड लावले होते. नेपल्समध्ये मात्र मान्यवर रसिकांचा एक कंपू होता. नव्या गायकाने प्रयोगाआधी त्यांच्या भेटी घ्याव्यात, मर्जी राखावी, अशी अपेक्षा असे, आणि कारुसोने ते केले नाही. त्या रात्री काहींनी नापसंती दाखवली, काहींनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात टीका आली. आता आपण नेपल्समध्ये पुन्हा कधी गाणार नाही, येऊ ते केवळ घरच्यांना भेटायला आणि स्पॅगेटी खायला, असे तो म्हणाला म्हणे. कथेत त्याची हुर्यो उडवली जाते आणि तो रागारागाने शहर सोडून जातो. प्रत्यक्षात त्याच मोसमात त्याने तिथे मासनेचे 'मानों'ही गायले. अपमान कथेत सांगतात तितका मोठा नव्हता. पण शब्द मात्र त्याने पाळला, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे सान कार्लोने आपल्या गल्लीतल्या या मुलाचा आवाज ऐकला नाही.

माझा समज असा, की त्या रात्री प्रेक्षागृहातल्या पुष्कळांनी सवयीने आरशात पाहिले असावे. राजा नव्हता, पण मान्यवरांचा कंपू होता. तो टाळी वाजवत नव्हता, म्हणून बाकीचेही अडखळले.

नाट्यगृहाला लागूनच राजवाडा आहे आणि त्यात २०२३ साली कारुसोचे संग्रहालय उघडले. जन्मानंतर दीडशे वर्षांनी शहराने त्याला राजाच्या घरात जागा दिली, हे पाहून ताईला बरे वाटले. ग्रामोफोन, तबकड्या, छायाचित्रे, पत्रे. एका कर्ण्याच्या यंत्रापुढे आम्ही दोघेही न बोलता थांबलो, कारण तसाच कर्णा आमच्या माडीवर होता आणि लहानपणी मी त्यात डोके घालून मार खाल्ला होता.

कारुसोच्या कीर्तीत या कर्ण्याचा वाटा आवाजाइतकाच आहे, असे मी म्हणतो तेव्हा काही रसिक नाराज होतात. ११ एप्रिल १९०२ रोजी ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी मिलानमधल्या ग्रँड हॉटेलच्या एका खोलीत यंत्र मांडले आणि कारुसोकडून दहा गाणी शंभर पौंडांत गाऊन घेतली. ऑपेरांचा थोर संगीतकार व्हेर्दी एकच वर्ष आधी याच हॉटेलात वारला होता. तेव्हा मायक्रोफोन नव्हता; विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण येण्यास आणखी तेवीस वर्षे होती. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या धक्क्याने पडदा हलायचा, आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरायची. खालचे ढोल आणि वरच्या पट्टीतली बारीक आस त्या यंत्राला पकडता येत नसे. व्हायोलिने निष्प्राण वाटत, स्त्रियांचे उंच आवाज पातळ होत. कारुसोचा आवाज टेनर, म्हणजे पुरुषी आवाजांतला उंच, असूनही त्याला खाली बॅरिटोनसारखा, म्हणजे त्याहून खालच्या आवाजासारखा, भरीव घुमारा होता, आणि मधल्या पट्ट्यातला तो घुमारा यंत्राला नेमका मानवत असे. शिवाय टीपेच्या सुराला डोके मागे घ्यायचे आणि हळू सुराला पुढे यायचे, ही कर्ण्यासमोरची कसरत त्याला पटकन साधली. १९२० पर्यंत त्याने सुमारे २६० ध्वनिमुद्रणे केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये तो १९०३ पासून गात होता आणि अखेरीस एका प्रयोगाचे अडीच हजार डॉलर घेत होता, पण ज्यांना तिकीट परवडत नव्हते, ज्यांनी बोटीच्या तळमजल्यातून अमेरिका गाठली होती, त्या इटालियन मजुरांच्या घरीही तबकडीतला कारुसो होता. आणि सांगलीतही होता.

याच गाइसबर्ग यांनी त्याच वर्षी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणाऱ्याचे नाव कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव इंग्रजीत पुकारत. तीन मिनिटांत ख्याल आटपायचा, वर नावही सांगायचे. ज्यांनी हे पत्करले त्यांचा आवाज उरला. भास्करबुवा बखले कारुसोहून तीन-चार वर्षांनी मोठे. कारुसोनंतर आठ महिन्यांनी, एप्रिल १९२२ मध्ये, ते पुण्यात वारले. बालगंधर्वांचे हे गुरू. ज्यांनी त्यांना ऐकले त्यांनी जन्मभर दुसऱ्याचे गाणे त्यांच्या मापाने मोजले. त्यांची एकही तबकडी आपल्यापर्यंत आलेली नाही. कारुसो थोर होता याविषयी मला शंका नाही, परंतु बखलेबुवांना न ऐकता मी त्यांचे थोरपण मान्य करतो ते इतरांच्या सांगण्यावरून, म्हणजे एका अर्थी आरशात पाहूनच, आणि कारुसोचे मान्य करतो ते स्वतःच्या कानांनी. हा फरक गुणांचा नाही, यंत्राचा आहे.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर राजवाड्याच्या बागेत बाकावर बसून आम्ही इअरफोनचे एकेक बोंडूक वाटून घेतले आणि मोबाइलवर 'एलिसिर द'अमोरे'मधलेच 'उना फुर्तिव्हा लाग्रिमा' लावले, १९०४ सालचे, केवळ पियानोच्या साथीचे. ताईने चाळीस वर्षे ग्वाल्हेरची गायकी शिकवली आहे आणि तिला कौतुक सहजासहजी सुटत नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने माझा हात दाबला. "हे ऐक. सरळ उडी नाही मारत तो. खालच्या सुराचा हात सोडायच्या आधी वरच्याचा धरतो. ही मींडच आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि दम बघ. दम आहे हे दाखवत नाही, हा खरा दम." शेवटच्या तानेला मात्र तिने नाक मुरडले. तिच्या मते ती टाळीसाठी होती. सान कार्लोतल्या कंपूचेही कदाचित असेच काही म्हणणे असेल, असे मी म्हटल्यावर ती रागावली.

चौथा दिवस

सोरेंतोची लोकलगाडी व्हेसुव्हियस ज्वालामुखीला वळसा घालून जाते आणि तीत मुंबईची आठवण यावी इतकी गर्दी असते. सव्वा तास उभे राहून प्रवास झाला. ताईला एका शाळकरी मुलाने जागा दिली.

१९२० च्या डिसेंबरात ब्रुकलिनच्या रंगमंचावर गाता गाता कारुसोच्या घशातून रक्त येऊ लागले. तो रुमालामागून रुमाल बदलत गात राहिला आणि अखेर प्रयोग थांबवावा लागला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला तो मेट्रोपॉलिटनमध्ये शेवटचा गायला. फुफ्फुसाच्या आवरणात पू झाला होता. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९२१ च्या उन्हाळ्यात बायको डोरोथी आणि दीड वर्षाची मुलगी ग्लोरिया यांच्यासह तो इथे, समुद्रावर कड्याच्या टोकाशी असलेल्या एक्सेल्सियर व्हित्तोरिया हॉटेलात, बरे होण्यासाठी येऊन राहिला. त्या हॉटेलात खोलीला त्याचे नाव आहे. ती पाहण्याची आमची ऐपत नव्हती. बागेच्या फाटकातून लिंबू-संत्र्यांची झाडे पाहिली, कॉफी दुसरीकडे घेतली. समुद्र निळा होता आणि समोर नेपल्स धुरकट दिसत होते. तो या कठड्याशी बसून समोरच्या आपल्या गावाकडे पाहत असेल, इतकेच मनात आले. परतीची गाडी पाऊण तास उशिरा सुटली.

पाचवा दिवस

सोरेंतोत प्रकृती पुन्हा ढासळली तेव्हा रोमला नेऊन शस्त्रक्रिया करायचे ठरले, पण वाटेत नेपल्सलाच थांबावे लागले. समुद्रकाठच्या व्हेसुव्हियो हॉटेलात २ ऑगस्ट १९२१ च्या सकाळी तो वारला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आज त्या हॉटेलच्या गच्चीवरच्या उपाहारगृहाला त्याचे नाव आहे. ज्याने स्पॅगेटीसाठीच येईन म्हटले, त्याच्या नावाने जेवण विकले जावे, यात शहराची चेष्टा आहे की क्षमायाचना, हे मला ठरवता आले नाही.

अंत्यसंस्कार राजवाड्यासमोरच्या सान फ्रांचेस्को दि पाओलाच्या भव्य चर्चमध्ये, राजाच्या परवानगीने झाले. वीस वर्षांपूर्वी ज्या नाट्यगृहात टाळी अडखळली, तिथून ते चर्च चालत तीन-चार मिनिटांवर आहे. मी घड्याळ लावून चाललो. हजारो लोक जमले होते. त्यानंतर काही वर्षे त्याचा रसायनांनी टिकवलेला देह काचेच्या शवपेटीत लोकांना पाहण्यासाठी ठेवला होता. अखेर डोरोथीने ते प्रदर्शन थांबवायला लावले आणि पेटी झाकली गेली. जिवंतपणी ज्याला ऐकायला मिळाले नाही, त्याला निदान पाहून घ्यावे, ही नेपल्सची धडपड मला किळसवाणीही वाटते आणि समजतेही.

सांता मारिया देल पियांतोची दफनभूमी शहराच्या पूर्वेला चढावर आहे. फाटकाशी बसलेल्या रखवालदाराने आम्हाला पाहताच हात उंचावून "तोतो?" असे विचारले. नेपल्सचा लाडका विनोदी नट तोतो इथेच आहे आणि येणारे बहुतेक त्याच्याचसाठी येतात. त्याच्या थडग्यापाशी लोक आजही चिठ्ठ्या ठेवतात. मी "कारुसो" म्हणालो. त्याने भुवया उंचावल्या, खुर्ची मागे सारली आणि स्वतः आमच्याबरोबर आला.

छोटेखानी समाधिमंदिर, लोखंडी जाळीचे दार, त्याला कुलूप. जाळीतून आत पाहिले तर थंड अंधार आणि संगमरवराचा एक फिकट कोपरा. ताईने हॉटेलातून आणलेले पिवळे फूल जाळीत खोचले. मग मी मोबाइल काढला आणि आवाज मोठा करून विदूषकाचे गाणे लावले, आजोबांच्या तबकडीवरचे. रखवालदाराने कपाळाला आठ्या घातल्या. "खरखर फार आहे," तो म्हणाला. मी मान हलवली. तरी त्याने हात पुढे केला, मोबाइल माझ्याकडून घेतला आणि कानाशी धरला. हसण्याच्या नावाखाली फुटलेला तो हुंदका आला, पुढचा पियानोसारखा हळू उतरणारा सूर आला, गाणे संपले. फोन कानाला तसाच ठेवून तो म्हणाला, "पुन्हा लावता येते का?"

ताई पायरीवर बसली होती. मी त्याला दाखवले, कुठे दाबायचे ते.